श्रेणी एक

लिफ्टमध्ये शिरलेला माणूस सहसा दोनच गोष्टी करतो. आरशात केस बघतो, नाहीतर फोन बघतो. आपण पोलादी दोरांना लटकलेल्या एका खोलीत उभे आहोत आणि पायांखाली कित्येक मजल्यांची पोकळी आहे, याचा त्याला पत्ताही नसतो. सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात घालवूनही इन्स्पेक्टरांना या गोष्टीचं रोज नव्यानं नवल वाटे. माणसं केवढा विश्वास ठेवतात! आणि कुणावर, तर ज्याला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही अशा एका माणसावर. म्हणजे इन्स्पेक्टरांवर. हा विचार आला की लिफ्टच्या टपावर अंधारात उभ्या उभ्या ते शर्टाची कॉलर नीट करत.

त्यांच्या शाखेत प्रत्येक लिफ्टला एक ते दहामधली श्रेणी द्यायची पद्धत होती. एक म्हणजे उत्तम, बिनघोर वापरा. दहा म्हणजे आत्ताच्या आत्ता वीज तोडा, दाराला सील ठोका आणि मालकाला बोलवा. मधले आकडे मधल्या काळजीचे. ही पद्धत नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

झालं असं की खात्यानं कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक ॲप आणलं. परिपत्रक निघालं: प्रत्येकानं ते फोनमध्ये घ्यावं, मनगटावर खात्यानं दिलेला पट्टा बांधावा आणि रोज सकाळी दहा प्रश्नांची उत्तरं द्यावीत. खात्यात बहुतेकांनी पट्टा ड्रॉवरमध्ये टाकला. इन्स्पेक्टरांचा धाकटा सहकारी तर न वाचताच सगळीकडे पाच दाबून मोकळा व्हायचा. "मधलं टाकावं साहेब. मधल्याला कुणी काही विचारत नाही," असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. लिफ्टच्या तपासणीतही तो तेच करतो, असा इन्स्पेक्टरांना दाट संशय होता.

इन्स्पेक्टर मात्र पहिल्याच दिवशी भारावून गेले. लेकीनं ॲप फोनमध्ये घालून दिलं, पट्टा बांधला, आणि पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके हिरव्या रेघेत नाचू लागले.

"अगं, हे बघ!" त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं. "छप्पन्न वर्षं चालू आहे. एकदाही बंद नाही. ना तेल, ना ग्रीस. असलं मशीन मी आयुष्यात पाहिलं नाही."

"तेल भरपूर खाता तुम्ही," बायको म्हणाली आणि परत गेली.

लेकीनं बाकीची माहिती भरली. 'विश्वासातल्या दोन व्यक्ती' असा एक रकाना होता. तिथं तिनं एक आई लिहिली आणि दुसरे मोठे काका. हे तिनं वडिलांना सांगितलं नाही, कारण मोठे काका आणि वडील गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की एका लग्नात चारचौघांसमोर दादा, म्हणजे हेच मोठे काका, म्हणाले होते, "आमच्या बाळ्याचं काय! वर-खाली करायचा पगार मिळतो त्याला." पंगतीतले सगळे हसले होते. इन्स्पेक्टर भरल्या ताटावरून उठले होते. तेव्हापासून बोलणं बंद. पण मोठे काका म्हणजे मोठे काका, विश्वासातला माणूस म्हटल्यावर लेकीला दुसरं नाव सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इन्स्पेक्टर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसून उत्तरं देऊ लागले. सुरुवातीला सूचनांचं एक पान होतं. ते त्यांनी पुढं ढकललं. ज्या माणसानं जन्मभर एक ते दहा या मोजपट्टीवर लोकांचे जीव तोलले, त्यानं तिच्या सूचना वाचायच्या?

आज तुम्हाला किती शांत वाटतंय? इन्स्पेक्टरांनी आत डोकावून पाहिलं. खडखड नाही, घरघर नाही. एक.

झोप कशी लागली? एक.

आयुष्यात गोडी वाटते का? एक. अगदी निःसंशय एक.

जवळच्या माणसांशी मनमोकळं बोलणं होतं का? बायको शेजारच्याच खोलीत होती. एक.

पडद्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. मग मऊशा निळ्या अक्षरांत आलं: 'हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार. असं मोकळेपणानं सांगायला धैर्य लागतं.'

इन्स्पेक्टर बघतच राहिले. एवढ्या नोकरीत त्यांच्या अहवालाला वरून फक्त 'पाहिले' एवढाच शेरा येत असे. धैर्य लागतं, असं कुणी म्हटलं नव्हतं.

तिथून दिवसागणिक त्या अक्षरांची माया वाढत गेली. 'आज स्वतःवर फार ओझं घेऊ नका.' 'आजचा दिवस कसाबसा निभावला तरी पुष्कळ आहे.' 'तुम्ही एकटे नाही.' हे शेवटचं वाचून इन्स्पेक्टरांनी मान वर केली. समोर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हिला कसं कळतं कोण जाणे!"

"हिला म्हणजे कुणाला?"

"ॲपला. बघ, किती अदबीनं बोलते."

"मीही रोज विचारते, जेवलात का, दमलात का," बायको म्हणाली. "तेव्हा नुसतं 'हूं' म्हणता. मी निळ्या अक्षरांत विचारायला हवं." त्या दिवसापासून फोन किणकिणला की ती आतून ओरडायची, "अहो, तुमची ती बोलावतेय!"

आणि एका सकाळी खात्याच्या शिपायानं एक लिफाफा आणून दिला. 'आपणांस उंचावरील सर्व कामांस तात्पुरती मनाई करण्यात येत आहे. सील मारण्याचा चिमटा व टपावर चढण्याचा पट्टा सहकाऱ्याकडे सुपूर्द करावा. पुढील आदेशापर्यंत आपण आवक-जावक टेबलावर बसावे.'

चिमटा न्यायला धाकटा सहकारी आला, तेव्हा तो आवाज खाली ठेवून बोलत होता. आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं. "साहेब, सगळं ठीक होईल. तुमचा दौरा मी करतो. सोमवारपासून सुरू आहे ना?"

इन्स्पेक्टर मनातल्या मनात लिफ्ट मोजू लागले. वार्षिक तपासणीचा दौरा. शहरभरच्या लिफ्ट, आणि सगळीकडे पाच! त्यात ती बाजारामागची जुनी इमारत, जिच्या ब्रेकचा आवाज गेल्या खेपेला त्यांना जरासा वेगळा वाटला होता. एखादा माणूस बोलता बोलता मध्येच थांबावा तसा. हे कागदावर कसं लिहिणार? त्यासाठी टपावर जाऊन कान लावावा लागतो.

ते तडक आस्थापना शाखेच्या मॅडमकडे गेले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उघडी खिडकी उठून स्वतः बंद केली.

"मॅडम, हे काय आहे?"

"तुम्ही दमला आहात. आम्हाला समजतं."

"मी अजिबात दमलेलो नाही. मी रोज श्रेणी एक देतोय!"

"हो ना," मॅडमचे डोळे भरून आले. "रोज. सगळ्या प्रश्नांना. खात्यात एवढं दुःखी कुणीच नाही हो. आणि कधी बोलला नाहीत." त्यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सूचनांचं ते पुढं ढकललेलं पान तिथं होतं: एक म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पुरेपूर.

इन्स्पेक्टरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली.

"मॅडम, गैरसमज झालाय. आमच्याकडे एक म्हणजे उत्तम."

मॅडमनी हलकेच मान डोलावली आणि एका छापील पुस्तिकेवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: 'अशी व्यक्ती बहुधा, काही नाही, गैरसमज झाला, असे सांगते. वाद घालू नये. मृदू बोलावे.'

"असेल गैरसमज," मॅडम अतिशय मृदू बोलल्या. "पण आता समुपदेशकांचा दाखला आल्याशिवाय मला चिमटा परत देता येणार नाही."

इन्स्पेक्टरांनी तिथंच फोन काढून दहाही प्रश्नांना दहा दिले. फोन आनंदेल असं त्यांना वाटलं होतं. तो लाल झाला. 'मनःस्थितीत अचानक टोकाचा बदल. विश्वासातल्या व्यक्तींना कळवण्यात आले आहे.' कुठल्याही मोजमाप यंत्राचा काटा एका झटक्यात या टोकाहून त्या टोकाला गेला, तर ते यंत्र बिघडलं असं समजावं, हा नियम इन्स्पेक्टरांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना शिकवला होता. त्यामुळे ॲपवर चिडायचीही सोय उरली नाही. उलट त्याच्याविषयीचा आदर वाढला.

घरी पोचले तर बायको फोन हातात धरून दारातच उभी. चेहरा उतरलेला.

"अहो, खरं सांगा. माझं काही चुकलं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. श्रेणी, मोजपट्टी, सूचनांचं पान. ती ऐकत होती, पण त्यांचा हात काही सोडेना. "तुम्ही सूचना वाचत नाही, हे खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "मिक्सरच्याही वाचल्या नव्हत्या." तिचा विश्वास बसला. निदान तीन चतुर्थांश. उरलेल्या चतुर्थांशासाठी तिनं खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा सल्ला घेतला, आणि बाईंना सांगणं म्हणजे इमारतीच्या फळ्यावर खडूनं लिहिणं.

संध्याकाळी बाई आल्या. रंगवायची चित्रं आणि खडूंची पेटी घेऊन. "बाहेर गेलं तरी चालतं, रेघेला घाबरायचं नाही," असं त्यांनी बजावलं. मग समोरचे दाताचे डॉक्टर आले. "माझ्या अनुभवात," ते म्हणाले, "उदास माणसांपैकी निम्म्यांची अक्कलदाढ वाकडी असते. आ करा." इन्स्पेक्टरांनी आ केला. दाढ सरळ निघाली. डॉक्टरांना वाईट वाटलं. जिन्यात वॉचमन भेटला, तो म्हणाला, "साहेब, गच्चीची किल्ली हरवलीय." किल्ली त्याच्या गळ्यात लटकत होती.

पण खरा धक्का पुढंच होता. इन्स्पेक्टरांकडे एक विनोद होता. लिफ्टच्या मागं, तिचं वजन तोलायला, विरुद्ध दिशेनं सरकणारं एक वजन असतं. ती वर गेली की ते खाली, ते वर गेलं की ती खाली. तर ते विचारत, "लिफ्टचं आणि तिच्या वजनाचं लग्न का टिकतं? कारण दोघं दर फेरीत एकदाच समोरासमोर येतात, तेही पाठ करून!" हा विनोद ते पंचवीस वर्षं सांगत होते आणि पंचवीस वर्षं त्यावर कुणी हसलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी तो सवयीनं सांगितला आणि अख्खी बैठक हसली. डॉक्टर मांडी थोपटत हसले. बाई डोळे पुसत हसल्या. इन्स्पेक्टर थक्क झाले. ही माणसं आपल्यासाठी एवढं करायला तयार आहेत? त्या विनोदावर हसणं ही साधी गोष्ट नव्हती, हे त्यांनाही आतून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर दादा. हातात बॅग, कपाळावर घाम, छाती भात्यासारखी वर-खाली. सहावा मजला होता.

"लिफ्ट बंद आहे का?" इन्स्पेक्टरांच्या तोंडून इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे निघालं. त्यांनी वाकून पाहिलं. चालू होती.

"चालू आहे. जिन्यानं... व्यायाम होतो," दादा धापा टाकत म्हणाले. मग त्यांनी धाकट्या भावाला आपादमस्तक न्याहाळलं. "बरा दिसतोस की रे बाळ्या!"

"मी बराच आहे. गैरसमज झालाय."

"हो, तसंच म्हणशील असं लिहिलंय त्यांनी." दादांनी बॅग आत ठेवली. "एकटं सोडू नका, असंही लिहिलंय. मी राहणार आहे."

दादा शब्दाला पक्के निघाले. इन्स्पेक्टर बाल्कनीत गेले की दादा बाल्कनीत. इन्स्पेक्टर न्हाणीघरात गेले की दादा बाहेर स्टूल टाकून बसत. "आत काय करतोयस?"

"दादा, न्हाणीघरात काय करतात?"

"बोलत राहा. गप्प बसू नकोस."

"काय बोलू?"

"काहीही. लिफ्टचं सांग."

आणि इन्स्पेक्टर साबण लावता लावता, बंद दाराआडून, ब्रेकबद्दल सांगू लागले. दोर तुटलाच तर खोलीला आपोआप धरणाऱ्या जबड्यांबद्दल सांगू लागले. बाहेर दादा बारीक बारीक प्रश्न विचारत होते. "म्हणजे पडूच शकत नाही?" "आणि वीज गेली तर?" "आणि त्या टपावर तू उभा असतोस तेव्हा?" लग्नाच्या पंगतीत ज्या माणसानं थट्टा केली होती, तो हाच का, याचं इन्स्पेक्टरांना कोडं पडलं. आंघोळ इतकी लांबली की बायकोनं पाणी बंद केलं.

बाहेर जायचं तर जिन्यानं. दादा लिफ्टकडे बघतही नसत, आणि इन्स्पेक्टरांना एकटं सोडत नसत. तेव्हा शहरातला सर्वांत जुना लिफ्ट इन्स्पेक्टर दूध आणायलाही सहा मजले पायी उतरू आणि चढू लागला. वाटेत भेटणारे शेजारी सहानुभूतीनं भिंतीला टेकून वाट देत. "लिफ्टचीसुद्धा भीती वाटायला लागलीय बिचाऱ्यांना," असं बाईंनी एकीला सांगितलेलं इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मानहानी म्हणतात ती याहून वेगळी नसते.

शुक्रवारी समुपदेशकांची वेळ मिळाली. दौरा सोमवारी. दाखला आज मिळाला तर मिळाला, नाहीतर बाजारामागच्या लिफ्टलाही पाच. दवाखाना आठव्या मजल्यावर होता. खालच्या दालनात आरशासारखी चकचकीत लिफ्ट दार उघडून उभी होती. दादा जिन्याकडे वळले.

चौथ्या मजल्यावर दादा पायरीवर बसले. इन्स्पेक्टर शेजारी बसले.

"दादा, व्यायाम वगैरे नाही ना?"

दादांनी रुमालानं कपाळ टिपलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "दार बंद झालं की माझा श्वास कोंडतो. लहानपणापासून. कुणाला सांगितलं नाही. नोकरीत बढती नाकारली मी, कचेरी अकराव्या मजल्यावर होती म्हणून."

इन्स्पेक्टर दादांकडे वळून बसले.

"आणि तू त्या खोक्याच्या आतही नाही, डोक्यावर चढून उभा राहतोस. रोज. मला कुणी तुझ्या कामाचं विचारलं की पोटात गोळा यायचा. लग्नात त्या माणसानं विचारलं, बाळ्या नेमकं काय करतो? मी सांगायला गेलो आणि माझे हातच कापायला लागले. मग थट्टा केली. थट्टा केली की हात दिसत नाहीत."

जिन्यात सामसूम होती. भिंतीपलीकडे लिफ्ट सुळ्ळकन वर गेली. इन्स्पेक्टर ज्याच्या भीतीला थट्टा समजून इतकी वर्षं फुरंगटून बसले होते, तो माणूस ते दुरुस्त दोर, तो तेलपाणी केलेला ब्रेक, सगळं डावलून सहा मजले चढून त्यांच्या दारात आला होता. निरोप वाचून पहिल्या गाडीनं. इन्स्पेक्टरांना आजवर यंत्रांचं नवल वाटत आलं होतं. त्या पायरीवर पहिल्यांदा त्यांना माणसाकडे टपावरून बघावं तसं बघता आलं. आत केवढी पोकळी, आणि कशाच्या बळावर हे सगळं तोललेलं!

"चल," दादा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "तुझी वेळ होईल."

समुपदेशक बाई तरुण होत्या. त्यांनी मोजपट्टीचा किस्सा ऐकला, ओठ दाबले, पण शेवटी खळखळून हसल्याच. कीव न करता, खरोखरचं हसलेलं माणूस इन्स्पेक्टरांना आठवड्यात पहिल्यांदाच भेटलं.

"मग आता एकदा नीट तपासणी करू," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे अजिबात नाही. तेच प्रश्न."

शांत? नऊ. झोप? आठ, दादा घोरतात. आयुष्यात गोडी? दहा. आकडे भराभर पडत होते. सोमवारचा दौरा, चिमटा, टपावरचा अंधार, सगळं इन्स्पेक्टरांना जवळ आलेलं दिसू लागलं.

"जवळच्या माणसांशी मनमोकळं बोलणं होतं?"

इन्स्पेक्टरांना नऊ म्हणून सुटता आलं असतं. पण न तपासता शेरा मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाहेर बाकावर दादा बसले होते. घरी निळ्या अक्षरांचा हेवा करणारी बायको होती.

"मॅडम," ते म्हणाले, "मी रोज सूचना न बघता एक टाकत होतो. बाकी सगळे आकडे उलटे पडले. पण या एका प्रश्नाला चुकून खरं उत्तर गेलं. एकच." त्यांनी दाराकडे बघितलं. "याच्यामुळे दाखला अडणार असेल तर अडू द्या. पण आकडा बदलता येणार नाही."

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही एखाद्या लिफ्टमध्ये एवढाच दोष सापडला तर काय करता?"

"दुरुस्तीची मुदत देतो. लिफ्ट चालू ठेवतो. पुन्हा येऊन बघतो."

"मीही तेच लिहिते," त्या म्हणाल्या आणि सही केली.

इन्स्पेक्टर दाखला घेऊन बाहेर आले. दादांनी तो हातात घेऊन दोनदा वाचला, घडी घालून परत दिला. दोघं लिफ्टच्या दारापाशी आले. पलीकडे जिना होता. दादा सवयीनं तिकडे दोन पावलं गेले आणि थांबले.

"दादा, तुम्ही जिन्यानं या सावकाश. आता मला एकटं सोडलं तरी चालेल. दाखला मिळालाय."

"तुला मिळालाय," दादा म्हणाले. "मला कुठं मिळालाय?"

ते परत आले. इन्स्पेक्टरांचं मनगट त्यांनी पट्ट्यासकट घट्ट धरलं आणि डोळे मिटून आत पाऊल टाकलं. दार बंद झालं. पट्ट्याखाली ठोके धडधडत होते. कुणाचे ते पट्ट्याला कळलं नसेल.

"बाळ्या, कितवी श्रेणी रे ही?"

इन्स्पेक्टरांनी कान लावला. दोरांचा आवाज, ब्रेकचा आवाज, शेजारी चाललेला भावाचा श्वास, सगळं नीट ऐकून घेतलं.

"एक," ते म्हणाले. "आमच्या मोजपट्टीनं. डोळे उघडा आणि बोलत राहा."